कुसुमच्या पोराच्या डोळ्यांवरची पट्टी

आधीच सांगून टाकते. देवावर माझा जेमतेम विश्वास आहे, भुताखेतांवर अजिबात नाही, आणि माणसांवर तर त्याहूनही कमी. उभा जन्म नर्सची नोकरी केली. माणूस जन्मताना पाहिला, मरतानाही पाहिला, आणि दोन्ही वेळी खोलीत डॉक्टर, मी आणि फिनेलचा वास याखेरीज चौथं काही नव्हतं. तुमच्या या सदरात लोक लिहितात ना… वडाखाली उभी राहणारी बाई, मागून हाक मारणारा म्हातारा… ते मी दुपारच्या चहाबरोबर वाचते आणि हसते. आता माझंच लिहायला बसले आहे, तर तुम्हीही हसा, माझी ना नाही.

कारण घडलं ते असं. मागच्या थंडीत आमच्या शेजारणीची मुलगी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात बाळंत झाली. मी रिटायर्ड नर्स, म्हणून मला बरोबर नेलं. बाळाला कावीळ झाली होती. काचेतून बघते तर पोर पेटीत उघडं ठेवलेलं, अंगावर लंगोटाशिवाय चिंधी नाही, वर पांढरट-निळ्या ट्यूबलाइट, आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेली. माझी नोकरी संपेपर्यंत हे प्रकार आले नव्हते. तिथली नर्स म्हणाली, "आजी, उजेडाने कावीळ उतरते. उजेडाचा त्रास नको म्हणून डोळे झाकायचे." मी मटकन बाकावर बसले. तिला वाटलं म्हातारी घाबरली. मी घाबरले नव्हते. हे सगळं मी आधी एकदा पाहिलं होतं. तेही तीसच्या दशकात, रत्नागिरीच्या पलीकडे भाट्याला, जिथे एकाही घरात विजेचा दिवा नव्हता.

आमचं घर भाट्याचं. रत्नागिरी समोर दिसायची, पण मध्ये खाडी, आणि खाडी ओलांडायची ती तरीने, म्हणजे होडीने. पावसाळ्यात वारा सुटला की तर बंद. मग पलीकडे डॉक्टर असला काय आणि विलायतेत असला काय, सारखंच.

घर चिऱ्याचं. पुढे पडवी, मध्ये माजघर, मागे माडांची वाडी. माजघराच्या डाव्या अंगाला बाळंतिणीची खोली. तिला दार एकच, ते माजघरात उघडणारं. खिडकी एकच, वाडीकडची, वीतभर गजांची, तिला आतून लाकडी आडणा. हे नीट सांगते आहे, कारण पुढे तुम्ही शंका काढणार. मीही काढल्या होत्या.

घरात माणसं मोजकी. तात्या, म्हणजे माझे वडील. आई आमची लवकर गेली. गोदाकाकी, म्हणजे तात्यांच्या धाकट्या भावाची बायको. काका मुंबईला गोदीत कामाला, घरी यायचे ते गणपतीला आणि शिमग्याला. काकीला मूल नव्हतं. मी लहानपणीच विधवा झालेली. तात्यांनी लोकांची बोलणी खाऊन मला मुंबईला पाठवलं आणि नर्स केलं. आणि माझी धाकटी बहीण कुसुम, पूर्णगडला दिलेली.

कुसुमची पहिली मुलगी धडधाकट. त्यानंतर दोन मुलगे झाले. दोन्ही जन्मले त्याच दिवशी पिवळे पडले आणि पाचवी पुजायच्या आत गेले. त्यानंतर पुन्हा दिवस राहिले तेव्हा तिने मला पत्र टाकलं, "ताई, यावेळी तू ये, नाहीतर मी हे मूल होऊ देणार नाही." मूल होऊ न देणं काय तिच्या हातात होतं? पण लिहिलंन. मी रजा टाकली, पाऊस लागायच्या आधीच्या शेवटच्या बोटीने रत्नागिरीला उतरले, आणि कुसुमला पूर्णगडहून भाट्याला घेऊन आले.

आषाढात तिला मुलगा झाला. पहाटे झाला, चांगला रडला, अंगाने भरलेला. कुसुमचं रक्त फार गेलं होतं, मी तिच्यातच गुंतले. तेवढ्यात काकीने आपल्या पद्धतीने पोराला हळद-साय चोळून, न्हाऊ घालून, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलं. खोलीत समई, कोपऱ्यात शेगडी, वर ओव्याची धुरी, खिडकी बंद. आमच्याकडची रीतच ती. बाळंतिणीच्या खोलीत वारा नको, उजेड नको.

दुपारनंतर मी पोराकडे नीट पाहिलं. पिवळं दिसत होतं. पण त्या खोलीत मीही पिवळीच दिसत असणार. समईच्या उजेडात सगळं जगच काविळीचं. मी त्याला उचलून पडवीच्या दारात न्यायला लागले, तर काकी आडवी.

"कुठे नेतेस गो त्याला वाऱ्यात?"

"पिवळा वाटतोय."

"हळद चोळलेय त्याला. पिवळा नाय दिसणार तर काय हिरवा दिसेल?"

मी ओल्या कापडाने त्याचं नाक-कपाळ पुसलं, पडवीत नेलं आणि नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून उचललं. आम्हाला तसंच शिकवलं होतं. बोट उचललं की रक्त परत यायच्या आत कातडीचा खरा रंग दिसतो. हळदीचा डाग वरवरचा असतो, तो पुसला जातो. हा आतून आलेला होता. पापणी उचलून पाहिली, डोळ्यांचं पांढरं पांढरं नव्हतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुष्कळ मुलं थोडी पिवळी होतात आणि आपोआप निवळतात, त्याचं काही नाही. पण जन्मल्या दिवशी पिवळं पडलेलं मूल… ते मी मुंबईत दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा पुढे काय झालं ते कुसुमला सांगायची गरज नव्हती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "तेच ना?" मी म्हटलं, "बघू." तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

तात्यांनी तरवाल्याला गाठून, दोन हात जोडून डॉक्टरांना अलीकडे आणलं. डॉक्टर भला माणूस. भिजून चिंब आला, पोराची छाती, पोट, तळवे दाबून पाहिलेन, लंगोट पाहिलान. मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, तुम्हाला काय सांगायचं. दूध जाईल तेवढं घाला. झोपू देऊ नका. तळव्यांपर्यंत उतरली तर…" आणि पिशवी उचललीन. त्याच्याकडे उपाय नव्हता. तेव्हा कुणाकडेच नव्हता. तो गेला आणि वारा असा सुटला की तर बंद पडली ती पडलीच.

मग काकीने आपला उपाय काढला. डाग. सळई तापवून पोटावर चटका दिला की कावीळ पळते, असं आमच्याकडे अजून म्हणतात.

मी म्हटलं, "काकी, मी जिवंत असेपर्यंत या पोराला कुणी सळई लावणार नाही."

"दोन गेली ती डाग न दिल्यानेच गेली."

"दोन गेली ती पूर्णगडला गेली. तू होतीस तिथे बघायला?"

काकी उठली. जाता जाता पुटपुटली, "तुझा हात पोराला कमी लागेल तर बरं, एवढंच म्हणणं माझं." म्हणजे विधवेचा हात. मला ते लागलं. आणि मीही काही कमी नव्हते. मूल नसलेली बाई, पुतणीच्या पोराकडे कसल्या डोळ्यांनी बघते, हे गाव म्हणायचं, मीही मनात म्हणायला लागले. खरं तेच लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी पोर चोखेना. तळव्यावर टिचकी मारली तरी डोळे उघडेना. मी कुसुमचं दूध वाटीत काढून बोंडल्याने थेंब थेंब घालत होते. दुपारी जेवायला म्हणून उठले, माजघरात चार घास खाल्ले. तात्या ओटीवर आडवे झाले होते, काकी चुलीपाशी. बाहेर धो धो पाऊस, भरदुपारी तिन्हीसांजा झाल्यासारखं. परत खोलीत गेले आणि दारातच थांबले.

पोर उघडं होतं. लंगोटाखेरीज सगळं काढलेलं, घडी करून उशाशी ठेवलेलं. आणि डोळ्यांवर पांढरी पट्टी.

मी झडप घालून उचललं. जिवंत होतं. पण अंग ऊन होतं. तापाने भाजतं तसं नव्हे, उन्हात वाळत घातलेला कपडा काढून आणावा तसं, वरून ऊन. खालची गोधडीही ऊन, आणि तिला उन्हात पडलेल्या कपड्यांचा वास. आठ-दहा दिवसांत भाट्याने सूर्य पाहिला नव्हता. कुसुम भिंतीकडे तोंड करून निजलेली.

मला दुसरं काय वाटणार? काकीने डाग दिला. पोर ओरडू नये, दिसू नये म्हणून डोळे बांधले. मी त्याला पडवीत नेऊन पोट, पाठ, मनगटं, टाचा, सगळं शोधलं. एक चट्टा नाही. मग म्हटलं सळई नसेल, शेगडीवर शेकवलंन. तडक शेगडी उचलली आणि बाहेर अंगणात पावसात उपडी केली. काकी बघतच राहिली.

"काय झालं गो तुला?"

"तुला माहीत आहे."

"मला कायच माहीत नाय."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण तिच्या तोंडावर तसलं काही नव्हतं. मी मात्र ठरवून टाकलं होतं. पट्टी चुलीत घातली.

त्याच्या पुढच्या दिवशी तेच. मी नुसती विहिरीवर जाऊन आले, तेवढ्यात. कपडे घडी केलेले, डोळ्यांवर पट्टी, अंग ऊन, आणि आता तर खोलीत शेगडीही नव्हती. पोराला पडवीत नेलं, उजेडात धरलं, पट्टी वर ओढून काढली, आणि माझं डोकं फिरलं. पट्टीच्या खाली, कपाळापासून नाकाच्या सुरुवातीपर्यंत, आडवा पिवळा पट्टा. लंगोट सोडला तर त्याच्याखाली तसंच पिवळं. बाकीचं अंग मात्र निवळल्यासारखं.

आज तुम्हाला यातलं सगळं कळतंय. मी वरतीच सांगून बसले आहे. पण तेव्हा मला काय कळणार? माझ्या शहाण्या डोक्याने हिशेब केला, जिथे कापड लागलं तिथे पिवळं, म्हणजे कापडातच काहीतरी आहे. कुणीतरी पट्टीला हळद, नाहीतर आणखी काही विष लावतंय. मी ती पट्टी पांढऱ्या वाटीत पाण्यात चोळली. पाणी स्वच्छ. लिंबू पिळलं, चुना टाकला, तरी स्वच्छ. पट्टी घेऊन मी स्वयंपाकघरात गेले आणि काकीच्या पुढ्यात टाकली.

"कशात भिजवतेस ही?"

काकी नारळ खवत होती. तिने विळी आडवी केली, पट्टी हातात घेतली, उलटीपालटी केली. मग तिने गाठ पाहिली. मी पट्टी गाठ न सोडता वरून ओढून काढली होती.

"ही गाठ कुणाची गो?"

"म्हणजे?"

काकीने आपलं बोट वर केलं. आठवड्यापूर्वी तिला विळी लागली होती आणि मी जुन्या लुगड्याच्या चिंधीने तिचं बोट बांधलं होतं. त्या पट्टीची गाठ आणि या पट्टीची गाठ… एकच. सपाट, दोन्ही टोकं एका रेषेत गेलेली. आम्हाला ट्रेनिंगमध्ये घोटून घेतलेली गाठ. घरात दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती. काकी गाठ मारायची ती खणाची, तात्या मारायचे ती दाव्याची.

"मी नाही बांधली," मी म्हटलं.

"मग मी बांधली?"

"माझ्या पेटीतलं बँडेज चोरून…"

"बघ जा पेटी."

बघितली. बँडेजची गुंडाळी कागदासकट होती, उघडलेलीसुद्धा नव्हती. पट्टीचं कापडही वेगळं होतं, माझ्या बँडेजपेक्षा मऊ, तिरकं ताणलं की ताणलं जाणारं. असलं कापड मी मुंबईतही पाहिलं नव्हतं.

मग आम्ही दोघी बोललो. बोललो म्हणजे काय, एवढ्या वर्षांचं सगळं बाहेर आलं. ती म्हणाली, तुझ्या पायगुणाने हे घर बसलं. मी म्हणाले, तुझ्या डोळ्यांनी पोरं जातात. हे ऐकून तात्या ओटीवरून उठून आले. तात्या कधी आवाज चढवायचे नाहीत. म्हणाले, "तुझा संशय तिच्यावर, तिचा तुझ्यावर. उद्या दुपारी दोघी दारात बसा, एकमेकींच्या नाकासमोर. आत कुणी जायचं नाही. जे काय असेल ते दिसेल." आणि खालच्या आवाजात, "पोर दूध पितंय का, हे बघितलंत कुणी?"

कुणीच बघितलं नव्हतं. मी धावत आत गेले. पोर कुसुमच्या अंगाशी होतं आणि चोखत होतं. नीट नाही, थांबून थांबून, पण स्वतःहून. कुसुमच्या डोळ्यांना धार लागली होती. मी विचारलं, "कुसुम, दुपारी इथे कोण आलं होतं?"

"मी निजले होते," ती म्हणाली.

माझा तिच्यावरही संशय आला, लपवत नाही. पण तिला बसती करायलाही माझा हात लागायचा. ती कसली उठते, पोराला सोडते, बांधते? आणि ती गाठ तिला कुठली यायला? दुधाने तोंड पोळलेली बाई पोराच्या अंगावरचं पांघरूण काढेल? छे, नावच नको.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटपून आम्ही बसलो. आधी मी स्वतः आत जाऊन खिडकीचा आडणा हलवून पाहिला, बाजेखाली वाकले, कणगीमागे हात घातला. समई बारीक केली. पोराला माझ्या हाताने गुंडाळलं. काकीनेही माझ्या मागून सगळं तपासलं, मी तपासलेलंसुद्धा. दार ओढून घेतलं, कडी लावली नाही. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. तिने माडाचा झाप घेतला होता, केरसुणीसाठी हीर काढत बसली. मी नुसतीच तिच्या हातांकडे बघत होते. ती माझ्या.

पाऊस पडतच होता. तात्या ओटीवर जागे होते, त्यांच्या अडकित्त्याचा आवाज येत होता.

काकीचा हात थांबला. ती माझ्याकडे बघत नव्हती, खाली बघत होती. मीही पाहिलं. दाराच्या खाली उंबऱ्याशी जी फट होती, तिच्यातून उजेड येत होता. समईचा नव्हे. समईचा उजेड तांबूस आणि हलता. हा पांढरा होता, कडेला निळसर, आणि जरासुद्धा हलत नव्हता. काकीच्या पायाच्या बोटांपर्यंत आला होता. तिच्या जोडव्यावर चमकत होता.

"आत दिवा ठेवलास तू?" काकी म्हणाली.

"नाही. तू?"

"नाय गो."

मला उठायचं होतं. उठायला हवं होतं. पण काकीने माझा हात धरला होता. ज्या हाताचं तिला वावडं होतं तोच, आणि ती सोडेना. आम्ही किती वेळ बसलो कोण जाणे. शेवटी मीच दार ढकललं. दार पुरतं उघडायच्या आत उजेड नव्हता. समई तशीच बारीक जळत होती. आडणा जागच्या जागी. कुसुम भिंतीकडे तोंड करून. आणि पोर उघडं, कपडे घडी केलेले, डोळ्यांवर पट्टी. काकीने त्याच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "ऊन लागलंय गो याला." आणि मग माझ्या आजवरच्या आयुष्यात तिला प्रथमच रडताना पाहिलं.

त्या दिवसापासून आमचं एकमेकींवर संशय घेणं थांबलं. आता कुणावर घ्यावा ते सुचेना, म्हणून. मी अजूनही माणूसच शोधत होते. आरसा असेल, कंदील असेल, शेजारचा कुणी गॅसबत्ती घेऊन येत असेल… पण त्या गजांतून मांजर येणार नाही, आणि कसल्याही बत्तीला तसला उजेड नव्हता. काकीचं वेगळंच. ती जेवणं झाली की स्वतःच पोराला उघडं करून ठेवायला लागली. मी विचारलं हे काय, तर म्हणाली, "येणाऱ्याला तेवढीच मदत."

पाचवी पुजली. त्या रात्री कुसुम पोराला छातीशी घट्ट धरून बसली. त्यानंतर आणखी एक-दोन दुपारी ते झालं, मग बंद. एका दुपारी पोर आपल्या गुंडाळलेल्या कपड्यांत तसंच्या तसं निजलेलं होतं, आणि मी चक्क खट्टू झाले. खाडीतली तर सुरू झाली तेव्हा डॉक्टर आले. त्यांनी पापणी उचलली, नाक दाबलं, तळवे दाबले, आणि परत दाबले.

"काय दिलंत?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं, उजेड, पट्टी, गाठ. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही फार दिवस जागताय. आता झोप काढा." मीही त्यांच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं. काकी दारात उभी होती. तिने साक्ष द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

हे मी पुढे कुणाला सांगितलं नाही. काकी गेली, तात्या गेले. मी मुंबईला नोकरीत बुडाले. आणि मग मागच्या थंडीत त्या हॉस्पिटलात काचेपाशी उभी राहिले. त्या पोराच्या पट्टीची गाठ बघायला मी वाकले होते, हे कबूल करते. चिकटपट्टी होती, गाठ नव्हती.

दुसऱ्याच आठवड्यात मी निघाले. रत्नागिरी, तिथून एसटीने पूर्णगड. कुसुम आता थकली आहे, पण डोकं शाबूत. पडवीत कोकमं वाळत घातली होती, तिथे आम्ही बसलो. मी तिला मुंबईचं सगळं सांगितलं, निळा उजेड, पेटी, डोळ्यांवरची पट्टी. ती ऐकत होती. तिला नवल वाटलं असं मला वाटलं नाही.

मी म्हटलं, "कुसुम, आता खरं सांग. तू निजली नव्हतीस."

"नव्हते."

"मग?"

"कळायचं मला आलेलं. डोळे मिटलेले असले तरी पापण्यांतून लाल लाल दिसायचं. तुझ्या नर्सच्या पेटीसारखा वास यायचा. कपड्यांची घडी करताना आवाज यायचा. मला वाटायचं तूच असशील."

"मी दारात बसले होते काकीबरोबर."

"हो, काकी म्हणाली होती मागाहून. म्हणून तर तुला कधी विचारलं नाही."

मला तिचा राग आला. इतक्या वर्षांचा एकदम आला. तिच्यापासून तीन हातांवर उभं होतं ते, आणि ही बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी म्हटलं, "अगं, नुसती मान वळवायची होतीस. बघितलं का नाहीस?"

ती कोकमं उलटी करत होती. तिने हात थांबवला नाही.

"पहिल्या दोघांच्या वेळी बघत होते ना ताई. पापणी लववली नाही. जे बघायचं ते सगळं बघितलं, शेवटपर्यंत. तिसऱ्याच्या वेळी म्हटलं, आता नाही बघणार. कुणी का असेना. न्यायला आलं असेल तर मला बघायचं नाही, आणि ठेवायला आलं असेल तर मी बघायची गरज नाही."

मला एवढं कळतं की तिच्या जागी मी असते तर बघितलं असतं. पहिल्याच दुपारी ताडकन उठून बघितलं असतं, विचारलं असतं, कोण गो तू, कुणाच्या परवानगीने आलीस. आणि मग पुन्हा कुणी आलं असतं की नाही, हे माझ्याने सांगवत नाही. ते कोण होतं, तो उजेड कुठला, गाठ माझी कशी, यातलं मला काहीएक कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर लिहा, पण नीट विचार करून लिहा. मी सहजासहजी ऐकणारी नाही.

आतून कुसुमचा तोच मुलगा बाहेर आला. पन्नाशीकडे झुकलाय, पोट सुटलंय, बापासारखाच तापट. आमच्या दोघींकडे बघून म्हणाला, "मावशी, कधीची हाका मारतेय तुमची सून. कालवण निवत चाललंय. उठा आता." आम्ही दोघी कोकमाचे हात लुगड्याला पुसून उठलो.